विहिरीजवळचं वावर

अकोला, ९ जानेवारी १९२४

ती. सत्यभामा आत्यास, त्र्यंबकाचा नमस्कार.

अकोल्यात येऊन महिना झाला आणि पहिलं पत्र आज, हा अपराध कबूल आहे. शिक्षा टपालानेच व्हावी, अमरावतीस येईपर्यंत साठवून ठेवू नये.

बिऱ्हाड मोर्णा नदीच्या अलीकडे मिळालं, कामं मात्र बहुतेक पलीकडची, जुन्या शहरातली. पुण्यात असताना मला वाटे, वकील म्हणजे कोर्टात गर्जणारा माणूस. महिन्याभरात मी एकदाही गर्जलो नाही. दिवसभर जमिनींचे जुने दस्त वाचतो. कुणी कुणाला काय दिलं, चारी बाजूंना काय आहे, मधे कुणाचा हक्क लोंबकळतो आहे का, एवढंच बघायचं. आणि गंमत सांगू का, मला ते फार आवडायला लागलंय. परवा एका दस्तात पूर्वेची हद्द ‘चंद्रभानची म्हैस बांधतात ती बाभूळ’ अशी लिहिलेली सापडली. चंद्रभान गेला, म्हैस गेली, बाभूळही गेली; हद्द तेवढी शिल्लक आहे. कोण होता हा चंद्रभान, याचा विचार करत मी अर्धी दुपार घालवली.

इथली भाषा मात्र पाय अडकवते. ‘धुऱ्यावरचं झाड’ वाचून मी गाडीच्या धुरेवर झाड कसं उगवलं याचा विचार करत बसलो होतो. धुरा म्हणजे इथे शेताचा बांध! आता एक वही केली आहे. नवा शब्द भेटला की टिपून ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. कपाशीच्या जिनिंगचा कारखाना काढायला हरनारायण शेठ जुन्या शहरापलीकडे शेषराव माळ्याची नऊ एकर जमीन घेताहेत, आणि तिचे कागद तपासायचं काम त्यांनी मला दिलं आहे. माझं पहिलं मोठं काम. त्यात १८९७ सालचा एक दस्त निघाला आणि मी उडालोच. खाली लिहिलंय, ‘मसुदा : वामनराव वकील’. आमचे आतोबा! तेव्हा तुम्ही दोघं अकोल्यातच होतात ना?

दस्त शेषरावच्या बापाचा, जानरावचा आहे. मजकूर असा : ‘शेत सर्व्हे नंबर ४१ हे शेषराव याने वाहावे व खावे. विहिरीजवळील वावर मयत मुलाची बायको मनकर्णा हिजकडे राहील, त्यास कोणी हरकत करू नये.’

किती नेटका मजकूर! जमीन सगळी शेषरावची. विधवा सुनेला विहिरीपाशी वावरण्याचा, येण्याजाण्याचा हक्क. मजा म्हणजे शेषराव विहिरीजवळचे दोन एकर सोडून बाकीचंच विकायला निघाला होता. मी दस्त वाचून त्याचा अर्थ सांगितला तेव्हा नुसता डोळे मिटमिटत बघत राहिला. मग म्हणाला, “तुमी म्हनता तं तसंच असन, वकीलसायेब.” शेठ खूश आहेत, कारण त्यांना बॉयलरच्या पाण्यासाठी नेमके तेच दोन एकर हवे होते. त्या बाईला कारखान्याच्या फाटकातून पाण्याला येऊ द्यावं, असं कलम मी आपणहून घातलं आहे. आतोबा असते तर पाठ थोपटली असती.

तुझा,
त्र्यंबक


अमरावती, १३ जानेवारी

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

तुझी ती वही काढ. पहिल्या पानावर, धुऱ्याच्याही वर, ठळक अक्षरात लिही : वावर. ‘तो वावर’ म्हणजे तुझं पुण्याचं येणंजाणं. ‘ते वावर’ म्हणजे वऱ्हाडातलं शेत. इथे लहान पोराला विचारलंस तरी सांगेल. महिनाभर अकोल्यात राहून तुला हे कळलं नाही, म्हणजे तू बाररूममधल्या पुणेरी वकिलांखेरीज कुणाशी बोलत नाहीस हे उघड आहे.

मी इतकी हसले की शेजारच्या कौशल्याबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांना सांगितलं तर त्याही हसल्या, पण मग म्हणाल्या, “पन मंग त्या बाईचं वावर गेलंच ना, बाई?” तेव्हा माझंही हसू राहिलं.

अरे, शेषराव डोळे मिटमिटत का बघत होता, हे तुला अजून कळलं नाही का? त्याला ठाऊक होतं ते वावर भावजयीचं आहे, म्हणून तर तो ते सोडून विकत होता. कुणी शिकलेला वकील येऊन दोन एकर आयते हातावर ठेवत असेल तर मीही मिटमिटेन. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणावं, तर बिचारा चोरही नव्हता. किल्ल्या तू दिल्यास.

आणि कागद वाचलास, पण जागा बघितलीस का? त्या दोन एकरांत काय लावलंय? कोण राबतं तिथे? मला सगळं सविस्तर लिही. इथे पोथीखेरीज मला वाचायला काही नाही, आणि पोथीत पुढे काय होणार ते मला ठाऊक असतं.

तिळगूळ वेगळ्या पुडीत पाठवला आहे. गोड बोल, विशेषतः त्या मनकर्णेशी.

आत्या


अकोला, १७ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार.

तिळगूळ पोचला, टोलाही पोचला. स्वयंपाकाला येणाऱ्या माणिकबाईंना विचारलं, तर पदर तोंडाला लावून आतच पळाल्या. तेव्हा वावर म्हणजे शेत, हे मान्य. वहीत लिहिलं.

पण आत्या, मी इतक्यात हरत नाही. दस्त पुन्हा बघ. त्यात वरच्या ओळीत ‘शेत’ म्हटलं आहे आणि खालच्या ओळीत ‘वावर’. शेतच द्यायचं होतं तर आतोबांनी दोन ओळींत दोन शब्द का वापरावेत? कागद वाचण्याचा नियमच आहे, शब्द बदलला की अर्थ बदलला असं धरायचं. शिवाय आतोबा पुण्याचे. ते बोलताना वऱ्हाडी झाले असतील, पण मसुद्यात? आणि दोन एकर दिले असतील तर त्याची मोजणी, चतुःसीमा काहीच कसं नाही? बाई तिथे इतकी वर्षं कसत असली, तरी दिराच्या परवानगीने कसते असंही म्हणता येतं. सरकारात खातं त्याच्याच नावावर आहे.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की त्या ओळीतलं एकही अक्षर लिंग सांगत नाही. ‘राहील’ दोघांनाही चालतं. ‘त्यास’ दोघांनाही चालतं. ‘विहिरीजवळील’ही तसंच. तिथे ‘जवळचा वावर’ असतं तर मी जिंकलो असतो, ‘जवळचं वावर’ असतं तर तू. एका टिंबावर दोन एकर अडले आहेत! रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं. हे ‘जवळील’ आतोबांना सुचलं तरी कुठून?

तू सांगायचीस की आतोबा पक्षकाराचं बोलणं जसंच्या तसं टिपून घेत आणि ते कागद त्यांच्या शिसवी पेटीत आहेत. एवढी पेटी बघशील का? सन १८९७, जानराव माळी.

खरं सांगू का, मला धास्ती वाटते आहे. ते दोन एकर गेले तर शेठ जमीन सोडतील, मला तर सोडतीलच. पण मी चुकून एका बाईचं शेत घालवतो आहे की काय, हे कळल्याशिवाय चैनही पडत नाही.

त्र्यंबक


अमरावती, २५ जानेवारी (कार्ड)

चि. त्र्यंबकास आशीर्वाद. पेटी पाहिली. त्या प्रकरणाचं काही हाती लागलं नाही. तुला योग्य दिसेल तसं कर. थंडी आहे, कानाला गुंडाळत जा.

आत्या


अकोला, २ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

तुझं कार्ड तीनदा वाचलं. चार वाक्यं, त्यात एकही टोमणा नाही. तू बरी आहेस ना? ताप वगैरे असेल तर तसं कळव.

तू सांगितलंस म्हणून जागा बघायला गेलो. आधीच जायला हवं होतं. जुन्या शहरातून भाजीबाजार ओलांडून पलीकडे गेलं की विहीर दिसते, आणि तिच्या तिन्ही बाजूंनी नुसती शेवंती. पिवळी, पांढरी. मधून पाण्याचे दांड काढलेले, कडेला मेथी नि कोथिंबीर. पन्नाशीची एक बाई वाकून फुलं खुडत होती. मी वकील म्हटल्यावर तिने फुलांची टोपली बाजूला ठेवली, पण बसा म्हणाली नाही.

मी दस्तातली ओळ तिला वाचून दाखवली आणि माझा अर्थ सांगितला.

“काहून जी, वकीलसायेब,” म्हणाली, “वावर काय हिंडाले देत असते काय? हिंडाले तं सारं गाव पडलं हाय मले.”

मी दस्ताची घडी घातली. मग तिने आपण होऊन सांगितलं. नवरा गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. माहेरचे दुसरा पाट लावून द्यायला तयार होते, पण हिला जायचं नव्हतं. सासऱ्याला ती मामाजी म्हणते. “मामाजी म्हने, मनकर्णे, तुले राहाचं तं राहा. हे वावर तुयं. दिराच्या हाताकडं पाहाचं काम नाई. अन् मंग मले घेऊनच गेले ते वकिलाकडे. मायासमोर सांगतलं त्यायनं.”

“तुम्ही होतात तिथे?” मी विचारलं.

“आंगनात होती. वकिलाची बायको खिडकीत बसून लिवून राहिली होती. गोरी, नवी नवरी. मी तिले शेवंतीचं फूल देलं. बाईमानूस लिवते, हे मी पयल्यांदाच पाह्यलं होतं. मले वाटलं, बाईनं लिवलं तं मायं काम पक्कंच होईन.”

आत्या, खिडकीतली ती तूच ना? तू मसुदे उतरवून द्यायचीस, हे मला कधीच सांगितलं नाहीस. त्या दिवसाचं तुला काही आठवतं का?

त्या बाईच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला आहे, पण शेठना विश्वास नको, कागद हवा. तू म्हणतेस पेटीत काही नाही. मग माझ्या हातात त्या एका ओळीखेरीज काय उरतं? ११ तारखेला, सोमवारी, खरेदीखताची नोंदणी आहे. शेवंती उपटून लगेच पायाला सुरुवात करायची असं ठरलंय. तुला काही आठवत असेल तर त्याआधी कळव.

त्र्यंबक


अमरावती, ५ फेब्रुवारी

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

ताप नव्हता. खोटं बोलले होते.

पेटी बघ म्हणून तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी ती उघडली. शोधावंही लागलं नाही. तुझे आतोबा साल घालून कागद बांधत. सोबत चिठ्ठी पाठवते आहे, जपून ठेव. अक्षर त्यांचंच आहे. वर ‘जानराव माळी यांचे तोंडचे शब्द’ आणि खाली : ‘इहिरीजवळचं वावर मनकर्णीले. बाकी शेषरावले. ह्याच्यात दोघायचं भांडन नोको.’ आणि समासात, ‘चतुःसीमा विचारणे’.

बघितलंस? ‘जवळचं’. टिंबासकट.

आता पुढचं ऐक. तो मसुदा मी उतरवला. त्या आठवड्यात त्यांना हिवतापाने धरलं होतं आणि लिहिणारा कारकून गावी गेला होता. जानरावला घाई होती, म्हातारा थकलेला होता. हे अंथरुणातून म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे, चिठ्ठीवरून नीट मजकूर करून दे.” मी सतरा वर्षांची. पुण्याहून येऊन दोन महिने झालेले. मुलींच्या शाळेत शुद्धलेखनात पहिली आलेली, आणि त्याचा तोरा नाकाच्या शेंड्यावर.

‘विहिरीजवळचं वावर’ वाचलं आणि मला हसू आलं. म्हटलं, काय ही अडाणी माणसं! ‘तो वावर’ असतो एवढंही यांना कळत नाही. आणि हे तापातसुद्धा तसंच टिपून घेतात. ‘जवळचा’ करावं, तर शब्दच ग्राम्य. मग मी तिथे ‘जवळील’ घातलं. कसं भारदस्त दिसलं! वरच्या ओळीत ‘शेत’ घातलं तेही मीच. ‘चतुःसीमा विचारणे’ हे समासातलं मला दिसलंच नाही. यांनी तापातच न वाचता सही केली, आणि तोच मजकूर स्टॅम्पावर गेला.

तेव्हा त्र्यंबका, तुला वहीत शब्द लिहायला सांगून मी ज्याला हसले, ती सत्तावीस वर्षांपूर्वीची मीच होते. तुझा नियम बरोबर आहे की शब्द बदलला म्हणजे अर्थ बदलला. फक्त शब्द बदलणारी वकील नव्हती.

कार्ड लिहिताना मी मनाला समजावलं की यांच्या नावाला बट्टा लागेल, गेलेल्या माणसाची चूक कशाला उकरा. पण ते खरं नव्हतं. मला माझ्याच अक्षराची लाज वाटली. तू ते शेवंतीचं फूल लिहिलंस आणि मला तो दिवस लख्ख आठवला. लाल काठाचं लुगडं, अंगणात पाय पोटाशी घेऊन बसलेली. माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तिला वाटलं, बाईने लिहिलं म्हणजे पक्कं. मी तिचं शेत शुद्ध करत होते.

चिठ्ठी शेठना दाखव. कमी पडली तर मला बोलाव, कुणाच्याही समोर सांगेन. कोर्टात कधी गेले नाही. कसं असतं ते बघायचंही आहे.

आत्या


अकोला, १४ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मग चिठ्ठी खिशात घातली आणि आधी शेषरावकडे गेलो. म्हटलं, मी चुकलो, त्या ओळीचा अर्थ मी चुकीचा सांगितला.

तो गोठ्यात वैरण टाकत होता. हात न थांबवता म्हणाला, “मले तं पयलेच माईत होतं. तुमीच म्हनले वावर म्हंजे येनं-जानं. मी म्हटलं, शिकलेला मानूस हाय, याले कायले टोका?” मग मान खाली घालून, “वयनीले तोंड दाखवाची चोरी झाली होती मले. बरं झालं बाप्पा.”

शेठ मात्र तापले. चिठ्ठी दोनदा वाचून घेतली, मला उभं ठेवलं, आणि त्यांच्या हिंदी-मराठीत जे ऐकवायचं ते ऐकवलं. शेवटी नकाशा उलटा फिरवला, बॉयलर दुसऱ्या अंगाला घेतला आणि नवी विहीर खणायचं ठरवलं. सात एकरांची खरेदी सोमवारी झाली. मला म्हणाले, “वकीलसाब, काम आप ही करना, लेकिन पहले किसी वऱ्हाडी आदमी से पढ़वा लेना।” माझ्या सगळ्या शिक्षणावर मिळालेला हा शेरा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, वावरच्याही वर.

तुला कोर्ट बघायला मिळणार नाही, याबद्दल क्षमस्व. मात्र एक काम निघालं आहे. शेषराव राजीखुशीने मनकर्णाबाईंना कबुलीपत्र लिहून देतो आहे, म्हणजे पुढे पोराबाळांत वाद नको. मी मसुदा केला. मोजणी, चतुःसीमा, सगळं घातलं. अर्थाची पुन्हा पंचाईत नको म्हणून ‘शेत’ लिहिलं आणि बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “शेत नोको. मामाजीनं वावर म्हटलं होतं, वावरच लिवा.”

मी कबूल झालो. तर पुढे म्हणतात, “अन् तुमी नोको लिवू. त्या खिडकीतल्या बाईले लिवाले सांगा.”

मी सांगितलं, अहो, चूक त्यांच्याच हातून झाली होती. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, “म्हनूनच तं. ज्याच्या हातानं गाठ पडते त्याच्याच हातानं सुटते. आता तिले वावर समजलं असन.”

तेव्हा माझा कच्चा मसुदा सोबत पाठवतो आहे. पक्का तू कर. त्यावरून स्टॅम्पावर घेऊ. टोपलीभर शेवंती पार्सलने येते आहे. नको नको म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही.

त्र्यंबक


अमरावती, १८ फेब्रुवारी

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

शेवंती पोचली. मला आता फूल माळता येत नाही, म्हणून थोडी कौशल्याबाईंना दिली आणि बाकीची यांच्या पेटीवर ठेवली. घरभर वास आहे. तिने दिलेलं पहिलं फूल मी तेव्हा दिवसभर डोक्यात ठेवलं होतं, एवढं तिला सांग. मसुदा बिघडवला तो फूल माळूनच.

मजकूर सोबत आहे. तीन कागद फाडले तेव्हा हा जमला. डोळे पूर्वीसारखे नाहीत. तुझी ‘सदरहू’, ‘उपरिनिर्दिष्ट’ वगैरे सगळी काढून टाकली. कौशल्याबाईंना पूर्ण वाचून दाखवला, त्यांना जे कळलं नाही ते बदललं. शेठच्या सल्ल्याने मीही चालते.

तिसऱ्या ओळीत बघ. ‘विहिरीजवळचं वावर’ लिहिलं आहे. ‘च’वरचं टिंब मुद्दाम मोठं दिलंय, शाई वाळेपर्यंत कागदाला हात लावला नाही. स्टॅम्पावर उतरवणाऱ्याला ताकीद दे, त्याला काही सुधारावंसं वाटलं तर आधी मला विचारायचं.

मनकर्णेला वाचता येत नाही. पण मजकूर वाचून दाखवशील तेव्हा त्या ओळीशी थांब. तिचं बोट धरून त्या टिंबावर ठेव आणि सांग, हे तुयं वावर. असंच म्हण. शुद्ध करू नकोस.

आत्या